न आलेल्या स्कूटरचा हिशेब

मी साताऱ्यातील एका पतसंस्थेत एकोणीस वर्षे रोखपाल आहे. फाटकी नोट माझ्या बोटांना आधी कळते आणि डोळ्यांना नंतर. संध्याकाळी रोख जुळली नाही तर खुर्चीवरून उठायचे नाही, हा आमचा शिरस्ता. अशा माणसाने ११ जानेवारी २०२५ रोजी सव्वातीन तासांत ३२,६४९ रुपये एका अनोळखी माणसाला स्वतःच्या हाताने पाठवले, हे लिहिण्याचे धैर्य मला आठ महिन्यांनी होत आहे. गेल्या महिन्यात आमच्या एका ठेवीदार काकूंच्या बाबतीत असेच घडले आणि त्या काउंटरसमोर उभ्या राहून रडू लागल्या. पुढे कुठे जायचे, कोणते कागद न्यायचे, हे त्यांना सांगता सांगता मला जाणवले की हे सगळे मला जानेवारीत कोणीतरी सांगायला हवे होते.

सुरुवात गुरुवारी, ९ जानेवारीच्या रात्री झाली. कराडला असलेल्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या खात्यावरून समाजमाध्यमावर निरोप आला. तिच्या यजमानांच्या ओळखीचे निमलष्करी दलातले एक अधिकारी पुण्याहून जम्मूला बदलून चालले आहेत, घरातले सामान आणि एक स्कूटर तातडीने विकायची आहे, असा तो निरोप होता. स्कूटर २०२२ सालची, किंमत ३४,००० रुपये. माझी मुलगी गोडोलीहून कॉलेजला बसने जाते आणि दिवाळीपासून आम्ही जुनी स्कूटर शोधतच होतो. तशा गाडीला बाजारात पन्नास-पंचावन्न हजार सांगत होते. किंमत कमी आहे हे मला कळले होते. पण बदलीची घाई असलेला माणूस स्वस्तात देतो, हेही मी पाहिलेले होते, आणि मध्ये मैत्रीण होती. तिचा फोन नंबर माझ्याकडे पंधरा वर्षांपासून आहे. तो मी लावला नाही.

शुक्रवारी त्या ‘अधिकाऱ्या’चा व्हॉट्सअॅपवर निरोप आला. गणवेशातले छायाचित्र, ओळखपत्र, गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, सगळे न मागता. मी प्रमाणपत्रावरचा क्रमांक परिवहन खात्याच्या अॅपवर तपासला आणि वाहनाचा प्रकार, रंग, वर्ष जुळल्यावर माझी खात्री पटली. आता कळते की तिथे मालकाचे पूर्ण नाव दिसत नाही आणि खऱ्या गाडीच्या कागदाचा फोटो कोणाच्याही हातात असू शकतो. स्कूटरच्या छायाचित्रांत नंबरची पाटी फडक्याने झाकलेली होती. ‘सुरक्षेचा नियम’ असे त्याने सांगितले आणि ते मला पटलेसुद्धा.

आमच्या जिल्ह्यात गणवेशाला वेगळेच वजन आहे. अपशिंगे मिलिटरी हे गावच आमच्याकडे आहे, जिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले आणि जिथे आजही घरटी फौजेत माणूस असतो. देशातले पहिले सैनिक स्कूलही १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाले. माझे धाकटे दीर हवालदार म्हणून निवृत्त झाले. ‘मॅडम, फौजी की जुबान है’ असे पलीकडून कोणी म्हटले की इथल्या माणसाचा प्रश्न विचारण्याचा हात आपोआप खाली येतो. पोलिसांनी नंतर सांगितले की हीच बदलीची गोष्ट देशभर शब्दशः वापरली जाते. त्याला सातारा माहीत असण्याची गरजच नव्हती.

शनिवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी मी ‘लष्करी पार्सल गाडी’चे भाडे म्हणून २,१५० रुपये पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर त्याचे नाव न येता एका बाईचे नाव आले. विचारल्यावर ‘मेसच्या हिशेबनिसाचे खाते’ असे उत्तर मिळाले. युपीआयमध्ये पैसे जाण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसते ते अशाच वेळी थांबण्यासाठी, हे मी स्वतः लोकांना समजावून सांगत असते. थोड्या वेळाने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या स्कूटरचा फोटो आणि शिक्का मारलेली पावती आली. सव्वाबाराच्या सुमारास ‘ड्रायव्हर’चा फोन आला, की गाडी खंबाटकी घाट उतरली आहे, मात्र ९,००० रुपये सुरक्षा ठेव जमा झाल्याशिवाय माल उतरवता येणार नाही, ठेव गाडी मिळताच परत. मी ९,००० पाठवले. लगेच अधिकाऱ्याचा फोन आला, की रक्कम ८,९९९ अशी पाठवायची होती, एक रुपया जास्त आल्याने नोंद अडकली आहे, आता ८,९९९ पाठवले की दोन्ही रकमा एकदम परत येतील. एका रुपयाच्या फरकाने नोंदी अडकत असत्या तर आमची पतसंस्था केव्हाच बंद पडली असती. तरीही मी ८,९९९ पाठवले.

या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण माझ्या मनात स्कूटर केव्हाच मागे पडली होती. पहिले २,१५० रुपये मी गाडीसाठी दिले. त्यानंतरचा प्रत्येक रुपया मी आधीचे पैसे सोडवण्यासाठी दिला. समोरचा माणूस वस्तू विकत नव्हता, माझेच अडकलेले पैसे मला पुन्हा पुन्हा विकत होता, आणि मी ते घेत होते. फोन तो एकदाही ठेवू देत नव्हता, हेही लक्षात घ्यावे. जेवणाची ताटे वाढलेली, मुलगी समोर बसून खुणा करते आहे आणि मी कानाला फोन लावून आतल्या खोलीत, असे दीड वाजेपर्यंत चालले होते.

१ वाजून ५० मिनिटांनी त्याने परताव्याचा म्हणून क्यूआर कोड पाठवला. एकूण १७,९९९ परत यायचे, पहिला टप्पा १२,५०० आणि दुसरा ५,४९९. मी कोड स्कॅन केला, पडद्यावर १२,५०० आकडा आला, खाली पिन मागितला आणि मी पिन टाकला. ‘पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही’ अशी पाटी आमच्या काउंटरच्या काचेवर आहे. ती मी स्वतः टंकलिखित करून चिकटवलेली आहे.

दुसऱ्या टप्प्याचा कोड आला तेवढ्यात माझे दीर गावाकडून संक्रांतीसाठी तीळ आणि शेंगदाणे घेऊन दारात आले. माझा चेहरा बघून त्यांनी फोन मागितला आणि पलीकडच्याला एवढेच विचारले, की कोणती बटालियन आणि सध्या कमांडंट कोण. फोन कट झाला. “वहिनी, बदली झाली की आमचं सामान आम्हीच हलवतो. लोकांकडून फोनवर पैसे घेणारी लष्कराची पार्सल गाडी मी तरी चोवीस वर्षांत बघितली नाही,” असे ते म्हणाले. त्यांनी मला एकही शब्द लावला नाही, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले.

दुसरा शनिवार असल्याने बँका बंद होत्या. पण सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक सुट्टीच्या दिवशीही चालू असतो. २ वाजून ५० मिनिटांनी मी तो लावला, तीन वेळा व्यग्र लागला, चौथ्यांदा ३ वाजून ५ मिनिटांनी लागला. पलीकडच्या महिला कर्मचाऱ्याने माझे रडणे मध्येच थांबवले आणि मुद्द्याचे विचारले: माझी बँक व खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ, समोरचा युपीआय पत्ता आणि बारा अंकी व्यवहार क्रमांक. हा बारा अंकी क्रमांक अॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. मुलीने तोवर चारही क्रमांक वहीच्या पानावर उतरवून ठेवले होते, म्हणून सगळे अकरा मिनिटांत आटोपले. फोन लावण्यापूर्वी ही यादी हाताशी असणे फार उपयोगी पडते, मात्र यादीसाठी फोन लांबवू नये. थोड्याच वेळात चौदा अंकी तक्रार क्रमांकाचा संदेश आला आणि उरलेली माहिती सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर चोवीस तासांच्या आत भरण्यास सांगण्यात आले.

त्यानंतर मी बँकेच्या मदत क्रमांकावर युपीआय बंद करून घेतले आणि मग, म्हणजे सगळ्यात शेवटी, कराडला मैत्रिणीला फोन लावला. तिने मला निरोप पाठवलाच नव्हता. तिच्या नावाने, तिचेच छायाचित्र लावून दुसरे खाते उघडले गेले होते आणि तिची मित्रयादी सर्वांना दिसेल अशी असल्याने माझ्यापर्यंत पोहोचणे सोपे होते. तिने आणि आम्ही आठ-दहा जणींनी त्या खात्याची तक्रार केली. पहिल्या दिवशी ‘नियमभंग आढळला नाही’ असे छापील उत्तर आले, तिसऱ्या दिवशी खाते दिसेनासे झाले.

रविवारी मुलीने आणि मी संकेतस्थळावर अर्ज पूर्ण केला. घटनेचे वर्णन किमान दोनशे अक्षरांचे लागते आणि त्यात विशेष चिन्हे चालत नाहीत. युपीआय पत्त्यातले चिन्ह वर्णनात लिहिल्याने आमचा मजकूर दोनदा नाकारला गेला. आणखी एक गोष्ट सांगते. राग आला म्हणून संभाषण पुसू नये आणि नंबर लगेच ब्लॉकही करू नये. दिरांनी शनिवारी दुपारीच सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट क्रमाने काढून घ्यायला लावले होते. रात्री नऊपर्यंत त्या माणसाने ओळखपत्र आणि पावती स्वतःच्या बाजूने पुसून टाकलेली होती.

सोमवारी, भोगीच्या दिवशी, मी बँकेच्या शाखेत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की १९३०वर तक्रार झाली आहे, आता शाखेत अर्ज कशाला. मी अर्ज दिला, शिक्क्यासह पोच घेतली आणि खात्याचे शिक्का मारलेले विवरणही घेतले. या दोन्ही कागदांशिवाय पुढचे काहीच हलले नसते. भरपाईची मागणी मात्र बँकेने फेटाळली. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७चे परिपत्रक अनधिकृत व्यवहारांत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला संरक्षण देत होते. पण मी पिन स्वतः टाकलेला असल्याने माझा व्यवहार अनधिकृत ठरत नाही, असे मला लेखी कळवण्यात आले. हे ऐकायला कडू लागले, तरी नोकरीमुळे मला ते अनपेक्षित नव्हते.

बुधवारी सायबर पोलिसांचा फोन आला आणि गुरुवारी, १६ जानेवारीला, अर्धी रजा टाकून मी गेले. आधारची प्रत, तक्रारीची पोच, बँकेचे विवरण, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती आणि अर्ज एवढे बरोबर होते. दीड तास बाकावर बसले. माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी होते, त्यांचे माझ्या दहापट गेले होते. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, कारण दुसरे काय करणार. जबाब घेणाऱ्या महिला अंमलदारांनी स्कूटरच्या फोटोवर बोट ठेवले आणि विचारले, “ताई, मागच्या दुकानाची पाटी वाचलीत का?” फोटोच्या कोपऱ्यात, फडक्याने झाकलेल्या नंबरच्या वर, एका पानटपरीची पाटी होती. तिच्यावरची अक्षरे तेलुगू होती. गाडी म्हणे पुण्याच्या छावणीत उभी होती. मी तो फोटो तीन दिवसांत किमान वीस वेळा पाहिला होता, पण प्रत्येक वेळी फक्त स्कूटर पाहिली होती.

पैशांचा प्रवास त्यांनी मला कागदावर रेघा ओढून समजावला. पहिले तीन व्यवहार दोन खात्यांत गेले आणि तिथून काही मिनिटांत पुढच्या खात्यांत. बहुतेक रक्कम एटीएममधून निघून गेली होती. शेवटचे १२,५०० रुपये मात्र पहिल्याच खात्यात सापडले आणि तिथे रोखले गेले, आणि पुढच्या एका खात्यात ३,६४० रुपये अडकले. म्हणजे १६,१४० रुपये गोठलेले होते. जे आधी गेले होते ते बहुतेक सुटले आणि जे शेवटी गेले ते सापडले, हे बघितल्यावर १९३०ला आधी फोन करायचा की आधी घरच्यांना सांगायचे, हा प्रश्नच उरत नाही.

गोठलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, हे मला तिथेच कळले. माझ्या प्रकरणात ज्या बँकांमध्ये रक्कम अडकली होती त्यांना न्यायालयाचा आदेश हवा होता, आणि त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा होता. ओळखीच्या वकीलबाईंनी २,५०० रुपये घेतले. हमीपत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक लागला, कारण ऑक्टोबर २०२४पासून राज्यात १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५००च्या मुद्रांकाने घेतली आहे. छापील प्रती आणि झेरॉक्स मिळून ३४० रुपये. अर्ज ११ फेब्रुवारीला दाखल झाला, पोलिसांचे म्हणणे २५ फेब्रुवारीला आले, आदेश ११ मार्चला झाला आणि त्याची प्रमाणित प्रत १७ मार्चला हातात पडली. प्रत्यक्ष न्यायालयात मला दोनदा उभे राहावे लागले आणि दोन्ही वेळा मिळून चार मिनिटेही बोलावे लागले नाही. बाकी सगळी वाट पाहणीच होती.

याच काळात, फेब्रुवारीच्या शेवटी, एक फोन आला. ‘सायबर सेलच्या परतावा विभागातून बोलतोय, तुमचे बत्तीस हजार मंजूर झाले आहेत, प्रक्रिया शुल्क १,४९९ भरा.’ रक्कम त्याला बरोबर माहीत होती. माझे हात थंड पडले, कारण क्षणभर, अगदी क्षणभर, मला ते खरे वाटावेसे वाटले. मी फोन ठेवला आणि त्या महिला अंमलदारांना कळवले. एकदा फसलेल्या माणसाची माहिती पुढे विकली जाते आणि असा दुसरा फोन बहुतेकांना येतो, असे त्या म्हणाल्या. पोलीस किंवा न्यायालय पैसे परत देण्यासाठी युपीआयवर शुल्क मागत नाही.

त्याच सुमारास आमच्या कार्यालयातील एका सहकारी बाईंनी जाहिरात पाहून मागवलेली साडी वेगळीच निघाली, तेव्हा मी त्यांनाही उत्साहाने १९३० सांगितला आणि चुकले. त्यांच्या विक्रेत्याचा पत्ता, बिल आणि जीएसटी क्रमांक सगळे खरे होते; माल खराब होता एवढेच. तो ग्राहक तक्रारीचा विषय, त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि त्यांना पाच आठवड्यांत पैसे मिळाले. त्यानिमित्ताने मी जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक तपासायला शिकले. पंधरा अंक-अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. क्रमांक टाकला की नोंदणीकृत नाव समोर येते. ई-व्यापाराच्या २०२०च्या नियमांनुसार विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील द्यायचा असतो. फक्त फोन नंबर आणि ‘आजच्या दिवसापुरती ऑफर’ असलेल्या पानावरून आता आमच्या घरात रुमालसुद्धा मागवला जात नाही.

९ एप्रिलला १२,५०० रुपये खात्यात जमा झाले आणि २८ एप्रिलला ३,६४०. दुसरी रक्कम यायला वेळ लागला, कारण त्या बँकेला आदेशाचा ईमेल दोनदा पाठवावा लागला. मी दर सोमवारी फोन करून आठवण करत होते, आणि कंटाळा न करता तसे करावे. माझ्या वहीत शेवटची नोंद अशी आहे: गेले ३२,६४९, आले १६,१४०, खर्च ३,३४०, निव्वळ तूट १९,८४९. पतसंस्थेत मी हे कोणाला सांगितले नव्हते. एप्रिलमध्ये व्यवस्थापकांना सांगितले, तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले की त्यांच्या साडूंचे तर वीजबिलाच्या नावाने गेले. घरी यजमानांनी पहिल्याच रात्री “आधी जेवून घे” एवढेच म्हटले होते.

मे महिन्यात आम्ही साताऱ्यातल्याच करंजे भागातल्या एका निवृत्त शिक्षकांची स्कूटर घेतली. दीर बरोबर होते. इंजिन थंड असताना सुरू करून पाहिली, चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहिला, विमा आणि पीयूसी पाहिले, नमुना २९ आणि ३० वर दोन्हीकडच्या सह्या झाल्या. मग मी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्याच नावाच्या खात्यात ४८,००० रुपये पाठवले आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. गुरुजींनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि चावी परत खिशात घातली. “राग मानू नका बाई, पण हल्ली असले खोटे स्क्रीनशॉट फार निघालेत. मुलगा पुण्यात आहे, तो माझं खातं बघून सांगतो, मग चावी देतो.” मुलाचा फोन यायला वीस मिनिटे लागली. तोवर त्यांच्या मंडळींनी आम्हाला चहा दिला, आणि मी तो अगदी निवांतपणे प्यायले.